घरी बांधायचं विमान : कोणतं निवडायचं आणि कोणाच्या भरवशावर?



आज मला घरी बांधलेल्या विमानांविषयी बोलायचं आहे. खेळण्यातली विमानं नव्हेत. माणूस आत बसून उडतो ती. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये गेली शंभर वर्षं लोक आपल्या गॅरेजमध्ये, शेतावरच्या कोठारात, कधी घराच्या तळघरात विमान बांधत आले आहेत. दिवसभर नोकरी करायची, संध्याकाळी घरी येऊन जेवायचं आणि मग दोन तास पत्रा कापायचा, रिव्हेट मारायचे. असं तीन-चार वर्षं चालतं, कधी दहा-पंधरा वर्षं. शेवटी एक दिवस ते धूड ट्रकवर घालून धावपट्टीवर न्यायचं आणि आपणच त्यात बसायचं.

अशा माणसापुढचा पहिला प्रश्न ‘विमान कसं बांधू’ हा नसतो, ‘कोणतं बांधू’ हा असतो. पर्याय भरपूर आहेत. मग तो तक्ता करतो. वेग किती, आसनं किती, पेट्रोल किती जाळतं, किंमत काय. तक्ता करावाच. पण या छंदाचा इतिहास वाचला तर दिसतं, की मोठ्या फसगती तक्त्यातल्या आकड्यांमुळे झालेल्या नाहीत. विमानात अशा कितीतरी गोष्टी असतात ज्या बांधणाऱ्याला स्वतः तपासता येत नाहीत. त्या दुसऱ्या कोणावर तरी सोपवाव्या लागतात. तो ‘दुसरा कोणी’ नीट न निवडल्यामुळे माणसं फसली, काही जिवानिशी गेली. म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : विमान निवडणं म्हणजे आपला जीव आणि आयुष्याची काही वर्षं कोणाच्या भरवशावर ठेवायची, ते ठरवणं. हे इतिहासातून कसं दिसतं ते पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला प्रकार ‘आराखड्यावरून बांधणं’. म्हणजे नकाशांचं भेंडोळं विकत घ्यायचं आणि लाकूड, पत्रा, नळ्या स्वतः आणून प्रत्येक भाग स्वतः घडवायचा. दुसरा प्रकार ‘किट’. यात कंपनी अर्धवट तयार भाग पेट्यांत भरून पाठवते, जोडणी आपण करायची. पहिल्यात पैसा कमी, वेळ फार. दुसऱ्यात उलट.

आराखडा लोकांच्या हाती येतो

मराठी श्रोत्यांसमोर विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव येणारच. १८९५ साली त्यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं असं सांगितलं जातं. त्याला विश्वासार्ह समकालीन पुरावा मिळालेला नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते त्यातली यंत्रं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली काढला. मी तो वाद आज वाढवत नाही. आपल्या विषयापुरता मुद्दा वेगळा आहे. ज्याची मोजमापं, नकाशे मागे राहिले नाहीत ते विमान दुसऱ्याला बांधता येत नाही. घरगुती विमानाचा इतिहास सुरू होतो तो आराखडा निर्मात्याच्या हातून सुटून लोकांच्या हाती येतो तेव्हा.

हे ज्याने पहिल्यांदा मन मोठं करून केलं तो माणूस म्हणजे आल्बेर्तो सांतोस-द्युमों. मूळचा ब्राझीलचा, राहणार पॅरिसचा. १९०७ ते १९०९ या काळात त्याने ‘दमुआझेल’ नावाचं चिमुकलं विमान घडवलं. सांगाड्यात बांबू, पंखांवर रेशमी कापड, वैमानिक पंखाखाली बसलेला. त्याने पेटंट घेतलं नाही, कोणीही बांधा म्हणाला. १९१० साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकात त्याचे नकाशे छापून आले.

आता यातली मेख बघा. सांतोस-द्युमों अंगाने अगदी लहानखुरा होता, वजन पन्नास किलोच्या आसपास. ते विमान त्याच्या मापाचं होतं. ऐंशी किलोचा माणूस त्यात बसला की सगळं गणित बदलायचं. म्हणजे नकाशा फुकट मिळाला, पण नकाशात न लिहिलेली अट त्याच्याबरोबर आली. आजही किट निवडताना हा पहिला प्रश्न आहे. आपण, आपल्याबरोबर बसणारा माणूस, सामान आणि पूर्ण टाकी पेट्रोल मिळून त्या विमानाला झेपतं का? जाहिरातीत ‘दोन आसनं’ लिहिलेलं असतं. दोन धट्टीकट्टी माणसं बसल्यावर टाकी अर्धीच भरता येते, हे बहुधा लिहिलेलं नसतं.

मासिकं, हप्ते आणि मोटारीचं इंजिन

पुढचा टप्पा १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या अमेरिकेचा. शिकागोच्या एड हीथने ‘पॅरासोल’ नावाचं एका माणसाचं विमान काढलं. त्याला मोटरसायकलचं हेंडरसन इंजिन थोडे फेरफार करून बसवायचं. हीथ हे विमान किट म्हणून विकायचा. स्वतः हीथ १९३१ साली एका चाचणी उड्डाणात मरण पावला. पण कंपनीचं नाव राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच कंपनी ‘हीथकिट’ या नावाने रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी-किट्स विकू लागली. तुमच्यापैकी जुन्या रेडिओवाल्यांना ते नाव माहीत असेल. त्याची मुळं विमानात आहेत.

त्याच सुमारास मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाचा गृहस्थ होता. एका मासिकाच्या संपादकाने लिहिलं की मोटारीच्या इंजिनावर विमान धड उडणार नाही. पीटनपोलने फोर्ड मॉडेल ‘ए’ मोटारीची इंजिनं बसवलेली विमानं उडवून थेट मिनीॲपोलिसला नेली आणि संपादकाला दाखवली. संपादकाने त्याचेच नकाशे छापले. ‘एअर कॅम्पर’ हे ते विमान. लाकडी सांगाडा, कापडाचं आवरण, दोन आसनं. नव्वद वर्षं उलटली, पण लोक ते अजून बांधतात.

ते का टिकलं? वेगासाठी नक्कीच नाही, ते अगदी संथ आहे. टिकलं याचं कारण त्यातलं सगळं खेड्यात मिळत होतं आणि खेड्यात दुरुस्त होत होतं. लाकूड सुताराकडे, इंजिन भंगारवाल्याकडे. त्या विमानासाठी कोणत्याही कंपनीने जिवंत राहण्याची गरज नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकाशातली ऊ

आता सगळ्यांत शिकवणारं प्रकरण. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये नावाचा हौशी माणूस होता. नेहमीची विमानं उडवणं त्याला फारसं जमलं नव्हतं, म्हणून त्याने वेगळंच विमान काढलं. पायाने चालवायचे पेडल नाहीत, नुसता एक दांडा. पुढे एक पंख, लगेच मागे दुसरा, आणि पुढचा पंखच हलवून विमान वर-खाली करायचं. १९३३ साली ते उडालं, १९३४ साली त्याने बांधणीचं पुस्तक छापलं. नाव ‘पू द्यु सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजांनी त्याची उडती पिसू केली. ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्ये त्यात बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला आणि ब्रिटनमध्ये अक्षरशः वेड पसरलं. कारकून, शिक्षक, गॅरेजवाले, सगळे बांधायला बसले.

मिन्येची लेखणी फार गोड होती. तुम्हाला जमेल, विमान ही बड्या लोकांची मिरासदारी नाही, असं तो सांगायचा. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

मग माणसं मरायला लागली. विमान उतारावर जरा जास्त नाक खाली करून निघालं की दांडा कितीही मागे ओढला तरी नाक वर येईना. तसंच जमिनीत घुसायचं. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये शाले-मदों इथं आणि ब्रिटनमध्ये फार्नबरो इथं पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं, तेव्हा कारण सापडलं. पुढच्या आणि मागच्या पंखांमधल्या फटीतून जाणारा वारा मागच्या पंखाची उचल वाढवायचा. एका ठरावीक कोनानंतर शेपटीकडचं बळ इतकं व्हायचं की नाक वर येणं अशक्य. दोष सुताराच्या हातात नव्हता, आराखड्यातच होता. ब्रिटनमध्ये त्या विमानाचे परवाने थांबले आणि कितीतरी अर्धवट पिसवा कोठारात पडून राहिल्या.

इथं विचार करा. ज्याने ती ऊ उत्तम बांधली, प्रत्येक सांधा दोनदा तपासला, तोही मेलाच असता. बांधणाऱ्याची मेहनत आराखड्यातला दोष झाकू शकत नाही, आणि वाऱ्याचा बोगदा कोणाच्या अंगणात नसतो. त्यामुळे निवडताना विचारायचा प्रश्न असा : हे विमान निर्मात्याशिवाय इतर किती जणांनी बांधलं, किती तास उडवलं, आणि त्यांतले किती सुखरूप उतरले? आराखडा कितीही हुशारीचा असो, ‘आपण पहिल्या पाचांत असू’ हे वाक्य छातीत धडकी भरवणारं असावं.

कायदा काय सांगतो

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरगुती विमानांना जवळपास बंदीच होती. ओरेगन राज्यातल्या जॉर्ज बोगार्डसने आपलं ‘लिटल जी बी’ हे छोटं विमान १९४७ साली थेट वॉशिंग्टनपर्यंत उडवत नेलं आणि अधिकाऱ्यांना सांगितलं, बघा, हे चालतं. हौशी बांधकामाचा स्वतंत्र वर्ग निर्माण होण्यात त्या फेरीचा मोठा वाटा आहे. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २६ जानेवारी १९५३ रोजी मिलवॉकीमध्ये पॉल पोबेरेझ्नी याने अशा हौशी लोकांची संघटना स्थापन केली, ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’. १९५५ साली त्याने ‘बेबी एस’ विमान इंजिनासकट ८०० डॉलरच्या आत कसं बांधावं, यावर मासिकात लेखमाला लिहिली आणि संघटना झपाट्याने वाढली. १९७० पासून दर उन्हाळ्यात तिचा मेळा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी भरतो. आता तिथं दहा हजारांवर विमानं उतरतात.

अमेरिकी नियमाचा गाभा असा : विमानाचा मोठा भाग अशा व्यक्तींनी बांधलेला असावा, ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी हाती घेतलं. यालाच बोली भाषेत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. ‘शिक्षण’ हा शब्द कायद्यात आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. सरकार तुम्हाला स्वस्त विमान मिळावं म्हणून सूट देत नाही. तुम्ही शिकावं म्हणून देते. विमान तयार झालं की तपासनीस येतो, कागदपत्रं पाहतो. पण कारखान्यात बनलेल्या विमानासारखी ताकदीची, आराखड्याची सरकारी हमी मिळत नाही. आत मोठ्या अक्षरांत ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावावी लागते आणि सहसा पहिले २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता चाचणी उड्डाणं करावी लागतात. म्हणजे कायदा सरळ सांगतो की भरवसा कोणावर ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

१९७१ : दोन विमानं, दोन माणसं

आता मी माझ्या मुख्य उदाहरणाकडे येतो. १९७१ सालच्या ऑगस्ट आणि सप्टेंबर या लागोपाठच्या महिन्यांत अमेरिकेत दोन एका आसनाची विमानं पहिल्यांदा उडाली.

एक होतं जिम बीड याचं ‘बीडी-५’. काय रूप होतं त्याचं! लढाऊ जेटचं पिल्लू म्हणावं असं. पंखा मागे, चाकं आत ओढून घेता येणारी, वैमानिक जवळजवळ आडवा पडलेला. किंमत मोटारीएवढी आणि वेगाची आश्वासनं भरघोस. विमान उडण्याआधीच बीडने २०० डॉलर अनामत घेऊन नंबर लावायला सुरुवात केली होती. हजारो लोकांनी पैसे भरले.

दुसरं होतं ओरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन याचं ‘आरव्ही-३’. ॲल्युमिनियमचं, साध्या आकाराचं, पंखा पुढे, चाकं बाहेरच. याने आधी दुसऱ्याचं एक विमान विकत घेऊन त्याचे पंख बदलले, ते काही वर्षं उडवलं, त्यातून शिकला आणि मग स्वतःचं केलं. इंजिन कोणतं? बाजारात आधीपासून असलेलं, हजारो कारखानी विमानांत चाललेलं लायकमिंग.

बीडचं घोडं इंजिनावर अडलं. एवढ्या लहान विमानात मावेल असं सिद्ध झालेलं इंजिन अस्तित्वातच नव्हतं. आधी बर्फगाडीचं पाहिलं, मग जर्मनीच्या हर्थ कंपनीचं ठरलं, तर ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. इकडे किट्स पाठवणं चालूच होतं. पाच हजारांच्या आसपास किट्स लोकांच्या घरी पोचली, इंजिनाशिवाय. १९७९ साली बीडची कंपनीही दिवाळखोर झाली. त्या सगळ्यांतली प्रत्यक्ष उडाली ती फक्त काहीशे. त्यांतही सुरुवातीच्या, आखूड पंखांच्या विमानांना पहिल्याच उड्डाणात अपघात झाले. बीडी-५ चं जेट रूप १९८३ च्या जेम्स बाँडच्या ‘ऑक्टोपसी’ चित्रपटात झळकलं. पडद्यावर झळकलं, पण ज्यांनी नंबर लावला होता त्यांच्या गॅरेजमध्ये पेट्या तशाच होत्या.

आणि आरव्ही? व्हॅनग्रन्सव्हनने एकेक पाऊल टाकलं. मागे-पुढे दोन आसनांचं आरव्ही-४, शेजारी-शेजारी आसनांचं आरव्ही-६, चार आसनांचं आरव्ही-१०. पुढे संगणकाने आधीच छिद्रं पाडलेले पत्रे आले. दोन पत्र्यांची छिद्रं जुळली म्हणजे भाग आपोआप सरळ बसतो, मोठे साचे उभारावे लागत नाहीत. आज या घराण्याची दहा हजारांहून अधिक विमानं उडून झाली आहेत. जगात घरी बांधलेलं विमान म्हटलं की सर्वाधिक तीच दिसतात.

तरुण श्रोत्यांना मी हे मुद्दाम सांगतो. १९७१ साली तुम्हाला कोणी ही दोन चित्रं दाखवली असती तर दहांतल्या नऊ जणांनी बीडी-५ निवडलं असतं. तक्त्यातही तेच जिंकलं असतं. फरक चित्रात किंवा तक्त्यात नव्हताच. एकाने जे अजून नव्हतं त्याच्यावर पैसे घेतले. दुसऱ्याने जे स्वतः उडवून पाहिलं तेवढंच विकलं.

झडप कुठं बसवली?

आता भरवशाची दुसरी बाजू. आराखडा उत्तम, निर्माता प्रामाणिक, तरी बांधणारा काय करतो?

बर्ट रुटान हे या क्षेत्रातलं सर्वांत प्रतिभावान नाव. त्याने १९७० च्या दशकात फोमचे ठोकळे गरम तारेने कापून त्यावर फायबरग्लासचे थर चढवायची पद्धत लोकप्रिय केली. साचा नको, वेल्डिंग नको. ‘व्हेरीईझी’ आणि ‘लाँग-ईझी’ ही त्याची विमानं. छोटा पंख पुढे, मोठा मागे. वेग फार कमी झाला तर पुढचा पंख आधी उचल सोडतो, नाक आपसूक खाली येतं आणि विमान सावरतं. बांधणाऱ्यांसाठी तो नियमित पत्रिका काढायचा. कुठं दोष आढळला, काय बदलायचं, सगळं त्यात यायचं. १९८५ साली त्याने आराखडे विकणं थांबवलं, पण आधीच्या बांधणाऱ्यांना मदत चालू ठेवली. आपल्याकडेही याचा धागा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने लाँग-ईझीच्या धर्तीवर एक संशोधन विमान बांधलं, ते १९८७ साली उडालं. तो अनुभव घेऊन पुढे १९९३ साली ‘हंसा’ हे प्रशिक्षण विमान आकाशात गेलं.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत लाँग-ईझीसकट समुद्रात कोसळला. विमान त्याने नुकतंच विकत घेतलं होतं, बांधलं दुसऱ्याने होतं. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्याची पेट्रोलची झडप आराखड्यात वैमानिकाच्या समोर, हाताशी होती. बांधणाऱ्याने ती मागे, डाव्या खांद्याच्या पाठीमागे बसवली होती. ती फिरवायला दांडा सोडून अंग पिळावं लागायचं आणि तसं करताना पाय नकळत पेडलवर दाबला जायचा. तपासात हेच समोर आलं, शिवाय टाकीत पेट्रोल कमी असल्याचंही.

बांधणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही. पण गॅरेजमध्ये बसून ‘ही झडप इथं बसवली तर सोयीचं’ असं ठरवताना पुढच्या मालकाचा जीव आपल्या हातात असतो, हे ध्यानात राहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा २०१२ चा अभ्यास हेच दाखवतो. २०११ साली छोट्या विमानांच्या ताफ्यात घरगुती विमानं जेमतेम १० टक्के होती, पण प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के होता. त्या वर्षी अपघातग्रस्त घरगुती विमानांपैकी अर्ध्याहून अधिक विमानं मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. आणि प्रमुख कारणं कोणती? पंख मोडणं नव्हे; इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत नियंत्रण सुटणं. म्हणजे इंधनाची व्यवस्था आणि वैमानिकाचा सराव.

सरावाबद्दल एक गोष्ट हटकून घडते. माणूस चार वर्षं बांधण्यात इतका गुंततो की उडवणंच बंद होतं, आणि मग गंजलेल्या हाताने नव्या विमानाचं पहिलं उड्डाण करतो. २०१४ पासून अमेरिकेत पहिल्या चाचण्यांत बरोबर दुसरा अनुभवी वैमानिक नेण्याची मुभा मिळाली, ती याचसाठी.

चांगली कंपनीही अडखळते

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, आरव्ही घ्या आणि मोकळे व्हा. तर डिसेंबर २०२३ मध्ये याच व्हॅन्स कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. पंच करण्याऐवजी लेझरने कापलेल्या काही भागांच्या छिद्रांना पुढच्या कामात तडे जाताना दिसले, काही अर्ध-तयार भाग गंजले, वाहतूक महागली. आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकांना सांगण्यात आलं की किट हवं असेल तर वाढीव किमतीचा नवा करार करा. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली. बीडचा शेवट आणि हा शेवट वेगळा का झाला? कारण मागे पन्नास वर्षांची उडणारी विमानं होती, बांधणाऱ्यांचा मोठा समाज होता आणि ज्यांची विमानं पूर्ण झाली होती त्यांची विमानं कंपनीशिवायही उडत राहिली असती. पीटनपोलची आठवण होते का?

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरणही घ्या. व्यवसायाने वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते किट नव्हतं, आराखडा त्यांचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ साली झाली, उडवण्याचा परवाना २०१९ साली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. बांधण्याइतकीच वर्षं कागदांत जाऊ शकतात, हा त्यातला धडा. अमेरिकेतल्या माणसामागे कायदा, संघटना, शेजारचा अनुभवी तपासनीस उभा असतो. ते नसेल तर किट कितीही चांगलं असो, वाट एकट्याची आहे.

तर निवडायचं कसं?

थोडक्यात सांगतो, वेळ होत आला आहे.

पहिलं, मी हे विमान कशासाठी वापरणार? बहुतेक जण लांबच्या सफरींची स्वप्नं बघून चार आसनी, वेगवान विमान घेतात आणि प्रत्यक्षात रविवारी सकाळी एकटेच तासभर फिरतात. वेगवान विमान उतरतंही वेगाने, आणि तिथं चुकीला माफी कमी असते.

दुसरं, माझ्याकडे किती तास आहेत? मध्यम किटला दीड ते दोन हजार तास लागतात. आठवड्याला दहा तास दिले तर तीन ते चार वर्षं. हे घरच्यांना आधी सांगा, कारण ते तास त्यांच्याही वाट्याचे आहेत.

तिसरं, मला कोणत्या कामात रस आहे? पत्र्याला कान आणि बोटं लागतात, लाकडाला धीर, फायबरग्लासला घासण्याची तयारी आणि नाकावर मास्क. ज्या कामाचा कंटाळा येईल ते विमान पूर्ण होत नाही.

चौथं, इंजिन आज अस्तित्वात आहे का? ‘लवकरच येणार’ हे उत्तर असेल तर बीडी-५ आठवा.

पाचवं, दोष सापडला तर मला कोण कळवेल? ‘झेनिथ’ कंपनीच्या सीएच ६०१ एक्सएल विमानाचे पंख हवेत तुटण्याचे प्रकार घडले. २००९ साली ते उडवणं थांबवा अशी शिफारस झाली आणि पंख बळकट करण्याचे बदल आले. दोष निघणं आश्चर्याचं नाही. तो कळवणारी, दुरुस्ती सांगणारी यंत्रणा आहे का, हे बघायचं.

आणि शेवटचं. पूर्ण किट एकदम मागवू नका. बऱ्याच कंपन्या आधी फक्त शेपटीचा भाग विकतात. तो बांधून बघा. त्याआधी ते विमान बांधलेल्या माणसाकडे जा, त्यात बसा, जमलं तर उडून या, आणि त्याला विचारा की पुन्हा बांधायचं झालं तर काय वेगळं करशील. तो लगेच बोलायला लागला आणि तुमच्या बांधकामाकडे बघायला येतो म्हणाला, तर समजा तुमची निवड निम्मी झाली. कारण पुढची चार वर्षं तुम्हाला त्या विमानापेक्षा त्या माणसाची गरज जास्त पडणार आहे.